आधी हजेरी, मग कोनशिला

भिलाईच्या पावर हाउस परिसरात नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींची एक जुनी सवय आहे. महाराष्ट्रात कोठे दरड कोसळली, पूर आला की आठवडाभरात बैठक होते, वर्गणी जमते, आणि ती कशासाठी द्यायची यावर फारशी चर्चा होत नाही. एखाद्या लहान गावातली पडलेली शाळा बांधून द्यावी, असे कोणीतरी सुचवते आणि सगळे मान डोलावतात. इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील मराठी मंडळे हेच करतात. सातासमुद्रापलीकडची मंडळेही हेच करतात. मंदिर म्हटले तर दोन मते पडतील, समाजमंदिर म्हटले तर चार पडतील. शाळेला मात्र कोणी नाही म्हणत नाही.

तो अशिष्टपणा मी आज करणार आहे. सुरुवातीलाच सांगितलेले बरे, की मी केंद्र शासनाच्या सेवेत असलो तरी येथे मांडलेली मते माझी वैयक्तिक आहेत, आणि ती शासनाच्या काही नियमांच्या विरोधातही जातात.

माझे म्हणणे असे, की आपत्तीनंतर लहान गावातील शाळा मरते ती भिंती पडल्यामुळे क्वचितच. ती मरते शिक्षक दुसऱ्या कामाला लावल्यामुळे, मुले पांगल्यामुळे, आणि त्या पांगापांगीत घसरलेला पट शासनदफ्तरी कायमचा मानला गेल्यामुळे. यांपैकी एकाही दुखण्यावर इमारत हे औषध नाही. तरीही शासन, देणगीदार आणि घराबाहेर राहणारे आपण, तिघेही इमारतीवरच खर्च करतो. कारण इमारतीचे छायाचित्र निघते, तिला कोनशिला लावता येते, आणि तिचे उपयोगिता प्रमाणपत्र एका पानात देता येते.

किल्लारीचे उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरचा पट्टा हादरला. अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ माणसे गेली. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात हा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित मानकात ते पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. माणसे मारली ती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांवरच्या मातीच्या जड माळवदांनी. कित्येक ठिकाणी आतला लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला होता. पण लोकांच्या मनात दगडाचीच धास्ती बसली आणि जो तो सिमेंट-काँक्रीट मागू लागला.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारे जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्यात गावांची अ, ब, क अशी वर्गवारी होती. अ वर्गातील ५२ गावे संपूर्ण नव्या जागी बसवायची, ब वर्गातील गावांत पडझड झालेली घरे नव्याने बांधायची, आणि क वर्गात दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे. क वर्गातली घरे तेरा जिल्ह्यांत पसरलेली, जवळपास दोन लाख. अ वर्गात घरांचे आकार जमिनीवरून ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४०० आणि मोठ्याला ७५०. म्हणजे भूकंपाने क्षणभर सर्वांना एका पातळीवर आणले होते, ते आपण आराखड्यात पुन्हा नीट वरखाली लावले. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या अ वर्गातील अनेक गावे देणगीदारांनी 'दत्तक' घेतली. हा शब्द मला तेव्हापासून खटकतो. शेकडो वर्षांची वहिवाट, नावनिशी, पाणवठे आणि भांडणे असलेले प्रौढ गाव एकदम अनाथ बालक कसे होते? दत्तक घेणाऱ्याने मग आपल्या आवडीचे कपडे घातले. कोठे शहरी वसाहतीसारखे सरळ रेषेतले रस्ते आले, कोठे घुमटाच्या आकाराची घरे आली, ज्यांच्या गोल भिंतीला कणगी टेकवायची कशी आणि फळी ठोकायची कशी हा प्रश्न बाईमाणसांना पडला. नवे गावठाण जुन्यापेक्षा कितीतरी पट पसरले. गाव पसरले की सगळीच अंतरे वाढतात, विहिरीचे, शेताचे आणि शाळेचेही. जुन्या गावात ज्या पोराला आजी ओट्यावरून शाळेत जाताना पाहत होती, त्याला आता आराखड्यावर 'शैक्षणिक प्रयोजनार्थ राखीव' म्हणून गावाच्या कडेला दाखवलेल्या भूखंडापर्यंत चालत जावे लागणार. आराखडा काढणाऱ्याच्या मनात सोय होती, आजी नव्हती.

क वर्गात मात्र वेगळे घडले, आणि त्याची चर्चा अजूनही पुरेशी झालेली नाही. तेथे घरमालकाच्या हाती हप्त्याहप्त्याने पैसे आणि साहित्य आले, अभियंत्याचे मार्गदर्शन आले, आणि काम घरच्यांनी व गावच्या गवंड्याने केले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावी महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले गेले. लिंटलच्या पातळीवर चारही भिंतींना कवटाळणारा काँक्रीटचा पट्टा, भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड, माळवदावरची माती कमी करणे, या गोष्टी बायकांनी समजून घेतल्या आणि गवंड्याला जाब विचारू लागल्या. ज्याला आपण पुनर्वसन म्हणतो त्याचा खरा अर्थ मला या क वर्गात दिसतो. कोनशिला मात्र अ वर्गात लागल्या.

आता अर्थशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्याला आठवणारी एक गोष्ट सांगतो. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४८ च्या आपल्या ग्रंथात एक कोडे उलगडले आहे: युद्धाने किंवा भूकंपाने बेचिराख झालेले देश थोड्याच वर्षांत पूर्ववत कसे होतात? त्याचे उत्तर असे, की नष्ट झालेली संपत्ती तशीही वापरून संपणारच होती आणि पुन्हा निर्माण करावीच लागणार होती. माणसे आणि त्यांचे कसब टिकले असेल, आणि तोवर तग धरण्यापुरते अन्न असेल, तर बाकीचे सारे परत येते. हे तत्त्व शाळेला लावून पाहा. दोन खोल्या, एक व्हरांडा, फळा, खिचडीचे पातेले ही संपत्ती. ती दहा-वीस वर्षांत झिजणारच होती, घसारा ठरलेला. शिक्षक, मुले आणि रोज सकाळी घंटेला जमण्याची सवय हे कसब. हे दुसरे टिकले तर पहिले येतेच. दुसरे पांगले तर पहिले कितीही भक्कम बांधा, त्यात पुढे शेळ्या बसतात किंवा निवडणुकीचे मतदान केंद्र भरते.

आणि आपण नेमके दुसरे पांगवतो. तेही कायद्याने.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या २७ व्या कलमात शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावण्यास मनाई आहे, अपवाद तीन: दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारणाची कामे. पहिल्या दोन अपवादांवर वर्तमानपत्रांत रकाने भरून येतात. तिसऱ्याकडे कोणाचे लक्ष नाही. वास्तविक तोच सर्वांत क्रूर आहे, कारण ज्या आठवड्यात गावातील मुलांना ओळखीचा एक तरी चेहरा रोज ठरल्या वेळी समोर दिसणे गरजेचे असते, नेमक्या त्याच आठवड्यात गुरुजींना निवारा केंद्रात याद्या करायला किंवा धान्यवाटपाच्या नोंदी ठेवायला बसवता येते. ती कामे नकोत असे नाही. पण तालुक्यात ते करू शकणारे दुसरे कर्मचारी मिळू शकतात. त्या मुलांना त्यांचा शिक्षक दुसरा मिळत नाही.

याहून गंभीर बाब तारखेची. आपल्या देशात शाळांची आकडेवारी ३० सप्टेंबर या संदर्भ दिनांकाला घेण्याची दीर्घ परंपरा आहे. महाराष्ट्रात शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यताही सामान्यतः ३० सप्टेंबरच्या पटावरच होते, आणि अलीकडे तर त्यात आधार प्रमाणित झालेली मुलेच मोजली जातात. आता योगायोग पाहा. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या सहाव्या अखिल भारतीय शैक्षणिक सर्वेक्षणाचा संदर्भ दिनांक होता ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीची जमीन हादरली तोच दिवस! देशभरातील शाळांत ज्या तारखेची हजेरी राष्ट्रीय दप्तरात जायची होती, त्याच तारखेला किल्लारी, सास्तूर, मंगरूळची मुले ढिगाऱ्याखाली होती.

तो योगायोग म्हणून सोडून देऊ. पण पावसाळ्याचे काय? माळीणवर डोंगर आला तो ३० जुलै २०१४ ला, १५१ माणसे गेली. महाडजवळचे तळीये २२ जुलै २०२१ ला. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. कोल्हापूर-सांगलीचा महापूर ऑगस्ट २०१९ चा. मराठवाड्यातील अतिवृष्टी सप्टेंबर २०२५ ची. महाराष्ट्रातील आपत्तींचे पंचांगच असे आहे, की त्या जुलै ते सप्टेंबरात येतात आणि लगेच ३० सप्टेंबर उजाडतो. कुटुंब मामाच्या गावी गेलेले असते, मुलगा तात्पुरता दुसऱ्या शाळेत बसत असतो, मुलगी धाकट्याला सांभाळत घरीच असते, आधारकार्ड चिखलात गेलेले असते. त्या दिवशी पट मोजला जातो आणि त्यावरून पुढील वर्षाची पदे ठरतात. पट तीसच्या आत गेला तर शाळेचे वार्षिक संयुक्त अनुदान समग्र शिक्षेच्या निकषांनुसार १०,००० रुपयांवर येते. तीसच्या वर असता तर २५,००० मिळाले असते. पट वीसच्या आत गेला, की ती शाळा 'कमी पटाच्या शाळा' या यादीत जाते, आणि त्या यादीचे पुढे काय होते हे आपण पाहिलेच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेंहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये 'समूह शाळा' ही कल्पना आली.

पीक गेले तर महसूल खाते पैसेवारी काढते. ती पन्नास पैशांच्या आत आली तर सारा माफ होतो, परीक्षा शुल्क माफ होते. म्हणजे एका वाईट हंगामावरून जमिनीची कायमची किंमत ठरवू नये, इतका शहाणपणा आपल्या महसुली परंपरेत ब्रिटिश काळापासून आहे. पटाची पैसेवारी मात्र कोणी काढत नाही. आपद्ग्रस्त गावाच्या शाळेसाठी मागील वर्षाचा पट पुढील तीन वर्षे ग्राह्य धरावा, एवढा एक ओळीचा शासन निर्णय पुरेसा आहे. त्याला नवे लेखाशीर्ष लागत नाही, निविदा लागत नाही. अर्थात म्हणूनच तो निघत नाही, असे माझ्यातला संशयी नोकरशहा म्हणतो.

यावर वित्त विभागातील मित्र जे उत्तर देतात ते मी कमी लेखत नाही. बारा मुलांसाठी दोन शिक्षक हे दरडोई खर्चाच्या दृष्टीने महाग आहे, शिवाय बारा मुलांच्या वर्गात खेळायला संघही होत नाही, त्यापेक्षा चार किलोमीटरवरच्या चांगल्या शाळेत बसने नेणे बरे. येथे छत्तीसगढमध्येही २०२५ मध्ये 'युक्तियुक्तकरण' या नावाने दहा हजारांहून अधिक शाळांचे एकत्रीकरण झाले. त्यातील बहुतेक शाळा एकाच आवारातल्या होत्या, आणि तेथे दोन मुख्याध्यापक व दोन दप्तरे ठेवण्यात शहाणपण नव्हते हे मला मान्य आहे. आपत्तीग्रस्त गावाचा प्रश्न निराळा आहे. तेथे आपण मागणी मोजतो ती धक्क्याच्या क्षणी, समतोलाच्या वेळी नव्हे. बाजार कोसळला त्या दिवशीच्या भावाने कोणी आपली जमीन विकत नाही. शिवाय येथे मोजमापच मोजलेल्या वस्तूला बदलते: शाळा बंद झाली म्हणून कुटुंब परत येत नाही, आणि कुटुंब परत आले नाही म्हणून शाळा बंद ठेवणे योग्य ठरते. बसचे म्हणाल, तर ज्या वाडीपर्यंत इर्शाळवाडीसारखी पायवाटच जाते, तेथे बस कोठून आणणार? आणि अंतर वाढले की आधी कोणाचे नाव पटावरून जाते हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मुलीचे.

आता पैशाकडे येऊ. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी ७५ टक्के वाटा केंद्राचा असतो. त्याच्या २०१५ च्या निकषांत नुकसान झालेल्या प्राथमिक शाळेसाठी कमाल मर्यादा दीड लाख रुपये होती, २०२२ च्या निकषांत ती दोन लाख झाली. तीही तातडीच्या दुरुस्तीसाठी, नव्या बांधकामासाठी नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी प्रथमच चांगली गोष्ट केली. एकूण आपत्ती निधीपैकी ३० टक्के रक्कम 'पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणी' यासाठी वेगळी ठेवली. परंतु त्या खिडकीच्या मार्गदर्शक सूचना निघायला ऑगस्ट २०२४ उजाडला, म्हणजे पाचांपैकी चौथे वर्ष. या सगळ्या वाटपात तात्पुरत्या शाळेसाठी, म्हणजे मांडव, सतरंज्या, फळा, पाणी, शौचालय आणि शिक्षकाच्या जाण्यायेण्याचा खर्च यांसाठी, स्वतंत्र व सन्मानाची जागा मला दिसत नाही. भांडवली खर्चाला आपण विकास म्हणतो आणि महसुली खर्चाला उधळपट्टी. खोली बांधणे भांडवली, खोलीत शिकवणे महसुली!

मग इमारत नकोच का? तसे मी म्हणत नाही, आणि म्हणणे गुन्हा ठरेल. घड्याळाने आपल्यावर किती उपकार केले आहेत हे आठवून पाहा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, किल्लारीचाही पहाटेचा. दोन्ही वेळी शाळा रिकाम्या होत्या. भुजचा २६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊचा, पण प्रजासत्ताक दिन असल्याने वर्ग भरले नव्हते. तरीही नऊशेंहून अधिक विद्यार्थी दगावले. नेपाळचा २५ एप्रिल २०१५ चा भर दुपारचा, पण शनिवार म्हणजे तेथील सुटीचा दिवस. जेथे घड्याळाने दया केली नाही तेथे काय झाले ते काश्मीरच्या पाकिस्तानकडील भागात ८ ऑक्टोबर २००५ च्या सकाळी दिसले. भरलेल्या शाळा कोसळून हजारो मुले गेली. चीनच्या सिचुआन प्रांतात १२ मे २००८ च्या दुपारी गेलेल्या वा बेपत्ता झालेल्या विद्यार्थ्यांचा अधिकृत आकडा ५,३३५ आहे. आपल्याकडे कुंभकोणमच्या २००४ मधील शाळेच्या आगीत ९४ बालके गेल्यानंतर जी जनहित याचिका झाली, त्या अविनाश मेहरोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा इमारत भक्कमच हवी. प्रश्न ती कोणी, कशी आणि कोणत्या क्रमाने बांधायची हा आहे.

क्रम असा असावा. आपत्तीनंतर पंधराव्या दिवशी त्याच गावात, त्याच शिक्षकाने, मांडवाखाली का होईना, हजेरी घ्यावी. त्या हजेरीची तारीख जिल्हाधिकाऱ्यांच्या अहवालात मदतवाटपाच्या आकड्यांशेजारी यावी. भुजनंतर भारतीय जैन संघटनेने काही महिन्यांत साडेतीनशेंहून अधिक शाळा उभ्या केल्या, तेव्हा त्या कामातील मोलाची गोष्ट मला संख्येपेक्षा वेग वाटते. मुले पटावरून निसटण्याआधी वर्ग उभे राहिले. पक्की इमारत वर्षभराने आली तरी चालेल. उलट घाईत बांधलेली वाईटच. माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले, एप्रिल २०१७ मध्ये नवी घरे ताब्यात दिली गेली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या. डोंगरउतारावर माती भरून सपाटी केली की तिला दोन-तीन पावसाळे मुरू द्यावे लागते, हे त्या परिसरातला कोणताही म्हातारा सांगू शकला असता. त्याला विचारण्याचा रकाना निविदेत नसतो.

बांधणाऱ्यांविषयी. छत्तीसगढमध्ये मजुरांच्या नाक्याला चावडी म्हणतात. मराठी माणसाच्या चावडीवर तलाठी बसतो, येथील चावडीवर सकाळी गवंडी, मिस्त्री आणि रेजा उभे असतात. पावर हाउसच्या बाजारातून जाताना हा शब्दाचा फरक मला नेहमी बोलका वाटतो: कागद करणारी चावडी आणि भिंत करणारी चावडी. आपल्या पुनर्वसनात पहिली चावडी भरपूर असते, दुसरी ठेकेदारामार्फत बाहेरून येते. वास्तविक सर्व शिक्षा अभियानाच्या मूळ नियमांत शाळेचे बांधकाम ठेकेदाराला न देता ग्रामशिक्षण समितीने करावे असे होते, आणि बांधकामावर एकूण खर्चाच्या ३३ टक्क्यांची मर्यादाही होती. त्या पद्धतीचे दोषही सांगायला हवेत. समिती कागदावर राहिली आणि मुख्याध्यापकच मुकादम झाला. सिमेंटच्या गोण्या मोजण्यात त्याचे वर्ष गेले, आणि पुढे लेखापरीक्षणाची वसुली त्याच्याच नावावर निघाली. पण त्यावरचा उपाय ठेकेदार हा नव्हे. उपाय म्हणजे समितीच्या खात्यात हप्त्याने पैसे, प्रत्येक हप्त्यापूर्वी अभियंत्याची तपासणी, आणि गुरुजींना या कामातून पूर्ण मुक्ती. शिक्षण हक्क कायद्यातील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे आहेच. क वर्गातील घरांत ज्या बायकांनी गवंड्याला जाब विचारला, त्यांच्या लेकी-सुना आज या समित्यांवर असायला हव्यात.

यात आणखी एक लाभ आहे, ज्याला अर्थशास्त्रात बाह्यलाभ म्हणतात. गावाच्या डोळ्यांसमोर, गावच्याच गवंड्याने, लिंटलचा पट्टा आणि कोपऱ्यातल्या उभ्या सळ्या घालून शाळा बांधली, की ते तंत्र शाळेपुरते राहत नाही. पुढच्या वर्षी कोणी गोठा बांधतो, कोणी लेकीच्या लग्नाआधी एक खण वाढवतो, त्यात ते जाते. कमकुवत दगडी-मातीच्या बांधकामाला भूकंपात तग धरायला शिकवणारे भारतीय मानक किल्लारीच्याच वर्षी, १९९३ साली प्रसिद्ध झाले. गवंडी ते पुस्तक वाचणार नाही. तो दुसऱ्या गवंड्याचा हात पाहतो. बाहेरून आलेला ठेकेदार हे ज्ञान घेऊन येतो आणि घेऊन जातो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी देणगीदारांना सहसा माहीत नसते. शाळेची मोडकी खोली प्रत्यक्षात पडली तरी दप्तरात ती निर्लेखन होईपर्यंत उभीच असते. देणगीतून नवी खोली झाली आणि जुनीचे निर्लेखन झाले नाही, तर कागदावर त्या शाळेकडे गरजेपेक्षा अधिक खोल्या दिसतात, आणि पुढे शासनाकडून खोली मिळण्याचा मार्ग बंद होतो. मुले मात्र धोक्याच्या खोलीच्या सावलीत खेळत राहतात.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी आपल्या मंडळात वर्गणी जमली, की गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहून आधी चार गोष्टी विचाराव्यात. आपत्तीच्या आधीच्या ३० सप्टेंबरला या शाळेचा पट किती होता आणि आज किती आहे. शिक्षक सध्या शाळेत आहेत की अन्य कामावर, आणि कोणाच्या आदेशाने. जुन्या खोलीचे निर्लेखन झाले का. आणि शाळा समायोजनाच्या कोणत्या यादीत आहे का. या चार प्रश्नांची लेखी उत्तरे येईपर्यंत एक वीटही देऊ नये. बाहेरगावच्या मंडळाचे असे पत्र आवक नोंदवहीत चढले, की कार्यालयात त्या शाळेच्या नावाने एक नस्ती उघडते, आणि नस्ती उघडी असलेली शाळा गुपचूप बंद करणे कठीण जाते. हे मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसून सांगतो आहे.

आणि रकमेविषयी. समजा मंडळाकडे पाच लाख रुपये जमले. त्यात एक खोली पुरी होईल की नाही याची शंका आहे. झालीच तर तिच्या छताची गळती दहाव्या वर्षी कोण काढणार हे ठरलेले नसते. तीच रक्कम शाळा व्यवस्थापन समितीशी लेखी करार करून मुदत ठेवीत ठेवली, तर सहा टक्क्यांनी वर्षाला ३०,००० रुपये येतात. लहान शाळेला शासनाकडून मिळणाऱ्या १०,००० रुपयांच्या तिप्पट, तेही दरवर्षी, पट कितीही खालीवर झाला तरी. त्यातून पहिली तीन वर्षे, वाडीवरून मुलांना आणणाऱ्या एखाद्या बाईचे मानधन द्यावे, हरवलेल्या कागदपत्रांच्या नकला काढण्यासाठी तालुक्याच्या फेऱ्यांचा खर्च द्यावा, छपरावरचे पत्रे दर मे महिन्यात तपासून घ्यावेत. करारात एक अट जरूर घालावी: शाळेचे समायोजन झाल्यास ठेव मंडळाकडे परत येईल. शिक्षण विभागातील कोणा अधिकाऱ्याला ही अट उद्धटपणाची वाटली, तर वाटू द्यावी.